बर्फाच्या छताखाली

मुलांनो, उन्हाळ्याच्या सुट्टीत कुल्फीवाल्याची हाक ऐकू आली की तुमची पावले आपोआप दाराकडे वळतात. परंतु त्याच्या मडक्यात तो काय काय घालतो, हे तुम्ही कधी निरखून पाहिले आहे काय? दुधाने भरलेले साचे तो नुसत्या बर्फात ठेवीत नाही. बर्फाच्या चुऱ्यात तो मूठमूठ खडेमीठ टाकतो आणि मग मडके हलवितो. नुसत्या बर्फाने दूध गार होते, पण त्याची कुल्फी होत नाही. मीठ पडले म्हणजे बर्फ वितळू लागतो आणि ते खारे पाणी शून्य अंशापेक्षाही थंड होते. नवल असे, की एवढे थंड होऊनही ते स्वतः गोठत नाही. कुल्फीवाल्याच्या या साध्या युक्तीत निसर्गाचा एक नियम दडलेला आहे. त्याच नियमाचा धागा धरून आज आपण पृथ्वीच्या दक्षिण टोकास जाऊ आणि तेथील समुद्रात, बर्फाच्या छताखाली, आयुष्य कंठणाऱ्या माशांची ओळख करून घेऊ.

दक्षिण ध्रुवाभोवती अंटार्क्टिका नावाचे विस्तीर्ण खंड पसरले आहे. त्याच्या एका अंगास रॉस समुद्र असून त्या समुद्राच्या दक्षिण टोकाशी, ७८ अक्षांशाच्या सुमारास, मॅकमर्डो नावाची एक रुंद खाडी आहे. तेथे हिवाळ्यात सुमारे चार महिने सूर्य उगवतच नाही. समुद्राचा पृष्ठभाग गोठून त्यावर पुरुषभर जाडीचा बर्फाचा थर साचतो. हा थर इतका बळकट असतो, की त्यावरून जड वाहनेही चालविता येतात.

वरून पाहणाऱ्यास वाटावे, की येथे जीवसृष्टीचा मागमूसही नसेल. परंतु बर्फ पाण्यापेक्षा हलका असतो. तो तळाशी न जाता पाण्यावर तरंगतो आणि खालच्या पाण्यावर पांघरुणासारखा पसरतो. त्यामुळे समुद्र तळापर्यंत गोठत नाही. या थरास भोक पाडून पाणबुडे खाली उतरले, तेव्हा त्यांस एक अद्भुत देखावा दिसला. छताच्या खालच्या अंगास बर्फाचे पातळ, पारदर्शक पापुद्रे दाटीने लोंबत होते आणि त्या पापुद्र्यांलगत वीतभर लांबीचे मासे संथपणे पोहत होते. सीलसारखा शत्रू जवळ येताच ते या बर्फाच्या झालरींत शिरून लपत असत. या माशास बोर्चग्रेविंक या प्रवाशाचे नाव मिळाले आहे. अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर १८९९ साली ज्या पहिल्या तुकडीने हिवाळा काढला, तिचे ते नायक होते. माणसास तेथे एक हिवाळा काढणे हा पराक्रम ठरला. हा मासा तर आपला सारा जन्म तेथेच काढतो.

आता आपल्यापुढील कोडे नीट समजावून घेऊ. साधे पाणी शून्य अंश सेल्सिअसला गोठते. समुद्राच्या पाण्यात मीठ असल्यामुळे ते सुमारे उणे १.९ अंशांपर्यंत गोठत नाही. मॅकमर्डोच्या खाडीतील पाणी जवळजवळ वर्षभर याच तापमानाच्या आसपास असते. सर्वसाधारण सागरी माशाच्या रक्तातही मीठ व इतर क्षार असतात, परंतु त्यांचे प्रमाण समुद्राच्या पाण्याच्या सुमारे एकतृतीयांशच असते. म्हणून त्याचे रक्त उणे ०.७ किंवा उणे ०.८ अंशाच्या सुमारास गोठावयास हवे. आपल्या कोकणच्या किनाऱ्यावरील एखादा बांगडा कोणी मॅकमर्डोच्या पाण्यात नेऊन सोडला, तर तो थोड्याच वेळात लाकडासारखा ताठ होईल. मग तेथील मासे का गोठत नाहीत?

तुम्ही म्हणाल, सील माशासारखी त्यांच्याही अंगी चरबीची जाड दुलई असेल. पण तसे नाही. सील हा मासा म्हणून ओळखला जात असला, तरी तो आपल्यासारखाच उष्ण रक्ताचा, हवेत श्वास घेणारा प्राणी आहे. खऱ्या माशास कल्ल्यांवाटे पाण्यातील प्राणवायू घ्यावा लागतो. त्यासाठी त्याचे रक्त कल्ल्यांतील नाजूक पडद्यांमधून सारखे वाहत असते आणि त्या पडद्यांपलीकडे लगेच थंड पाणी असते. रक्तात थोडी ऊब निर्माण झालीच, तर ती कल्ल्यांतून तत्काळ निघून जाते. म्हणजे या माशांस अंग गरम ठेवणे शक्यच नाही. त्यांचे रक्त भोवतालच्या पाण्याइतकेच थंड असते. जे करावयाचे ते थंड राहूनच करावे लागते.

या कोड्याचा पहिला उलगडा दुसऱ्या दिशेस, म्हणजे उत्तरेस झाला. कॅनडाच्या ईशान्य किनाऱ्यावर लॅब्राडोर नावाचा प्रदेश आहे. तेथील एका खाडीत शोलँडर नावाच्या शास्त्रज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी माशांचा अभ्यास केला आणि त्याची हकीकत १९५७ साली प्रसिद्ध केली. खाडीच्या तळाशी पाणी उणे १.७ अंश इतके थंड होते. तेथील काही माशांचे रक्त त्याहून बऱ्याच वरच्या तापमानास गोठणारे होते. तरीही ते मासे सुखाने पोहत होते. मात्र त्यांस थंड पाण्यात ठेवून बर्फाचा स्पर्श करविला, की ते पाहता पाहता गोठून मरत.

याचे कारण समजण्यासाठी आपल्या घरातील विरजणाचे उदाहरण घ्या. कोमट दुधाचे पातेले नुसते झाकून ठेवले तर त्याचे चांगले दही लागत नाही. त्यात चमचाभर विरजण घातले, की सकाळपर्यंत सारे पातेले घट्ट होते. पाण्याचेही काहीसे तसेच आहे. अतिशय थंड झालेल्या स्वच्छ द्रवात बर्फाचा एकही कण नसेल, तर तो गोठणबिंदूच्या खाली जाऊनही काही काळ द्रवच राहू शकतो. पण त्यात बर्फाचा बारीकसा कण पडला, की तो विरजणासारखा काम करतो. त्या कणावर पाण्याचे रेणू भराभर येऊन चिकटतात, कणाचा खडा होतो आणि सारा द्रव गोठतो. लॅब्राडोरच्या खाडीत बर्फ वर तरंगत होता आणि हे मासे खोल तळाशी राहत होते. तेथे बर्फाचा कण पोचत नसे, म्हणून ते जगत होते. विरजण पडू द्यावयाचे नाही, एवढाच त्यांचा उपाय होता.

परंतु मॅकमर्डोच्या माशांस हा उपाय कसा चालणार? ते तर बर्फाच्या झालरींतच राहतात. बर्फाचे कण त्यांच्या अंगास लागतात, कल्ल्यांत शिरतात आणि पाण्याबरोबर व अन्नाबरोबर पोटातही जातात. येथे विरजण टाळणे अशक्य आहे.

हे कोडे सोडविण्याचे श्रेय आर्थर डिव्हरीज या अमेरिकन शास्त्रज्ञांकडे जाते. ते विद्यार्थिदशेतच मॅकमर्डो येथे गेले होते. तेथील माशांच्या रक्तात क्षारांचे प्रमाण इतर माशांपेक्षा काहीसे अधिक आहे, असे त्यांना दिसले; पण तेवढ्याने रक्त उणे १.९ अंशांत द्रव राहू शकले नसते. मग त्यांनी रक्तातील द्रव भाग घेऊन, ज्यातून क्षार पार होतात पण मोठे रेणू पार होत नाहीत, अशा पातळ पडद्याच्या साहाय्याने त्यातील क्षार काढून टाकले. कुल्फीवाल्याच्या मडक्यातील मीठ काढून घेतले, तर उरलेले पाणी शून्य अंशालाच गोठेल. येथे मात्र क्षार गेल्यावरही उरलेला द्रव शून्याच्या खाली गोठेना. याचा अर्थ क्षारांखेरीज आणखी काही तरी त्या रक्तात पहारा देत होते. ते काय, हे १९६९ साली जगापुढे आले. ते एक प्रथिन होते आणि त्या प्रथिनाच्या साखळीस जागोजागी साखरेचे रेणू जोडलेले होते. आपण त्यास हिमरोधक प्रथिन म्हणू.

हे प्रथिन मिठासारखे काम करीत नाही. मिठाचा परिणाम त्याच्या कणांच्या संख्येवर अवलंबून असतो. जितके मीठ अधिक, तितका गोठणबिंदू खाली. हिमरोधक प्रथिनाचे रेणू संख्येने फार थोडे असतात, तरी त्या संख्येच्या मानाने त्यांचा प्रभाव शेकडो पट अधिक पडतो. हे कसे होते?

एखादा गवंडी भिंत रचतो आहे, अशी कल्पना करा. तो विटांचा एक थर लावतो, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा, आणि भिंत चढत जाते. आता प्रत्येक थरावर कोणी जागोजागी वाटोळे धोंडे आणून बसविले तर काय होईल? पुढील थराच्या विटा नीट बसणार नाहीत आणि भिंतीचे काम थांबेल. बर्फाचा स्फटिकही पाण्याच्या रेणूंचे थरावर थर चढून वाढतो. हिमरोधक प्रथिनाचे रेणू त्या इवल्याशा स्फटिकाच्या पृष्ठभागास जाऊन चिकटतात आणि पुढील रेणूंस तेथे बसू देत नाहीत. स्फटिक नाहीसा होत नाही. तो आहे तेथेच, आहे तेवढाच राहतो. शत्रू घरात शिरला आहे, पण त्याचे हातपाय बांधलेले आहेत, असा हा प्रकार होय. याच योगाने या माशांचे रक्त उणे २ अंशांच्याही खाली गेल्यावाचून गोठत नाही.

अंटार्क्टिकाच्या माशांत हे प्रथिन मुख्यतः स्वादुपिंडात तयार होते, असे २००६ साली आढळून आले. तेथून ते आतड्यांत उतरते. पोटात गेलेले बर्फाचे कण हाच या माशांस सर्वांत मोठा धोका असल्यामुळे पहारा तेथेच कडक असणे आवश्यक आहे. तरीही काही कण शरीरात राहतातच. या माशांच्या प्लीहेत बर्फाचे सूक्ष्म स्फटिक सापडले आहेत. आणखी एक विलक्षण गोष्ट २०१४ साली प्रसिद्ध झाली. हे प्रथिन स्फटिकास वाढू देत नाही, तसेच सहजासहजी वितळूही देत नाही. उन्हाळ्यात पाणी किंचित उबदार होऊन जो बर्फ वितळावयास हवा, तोही माशाच्या शरीरात तसाच टिकून राहतो. ज्या उपायाने प्राण वाचले, त्याच उपायाने हे ओझेही गळ्यात पडले. निसर्गाच्या देण्याबरोबर पुष्कळदा असे घेणेही असते, हे ध्यानात ठेवा. पुढे त्याचा उपयोग होईल.

याच समुद्रात याहूनही नवलाचा एक मासा आहे. नॉर्वे देशाचे योहान रूड हे विद्यार्थी असताना १९२९ साली दक्षिण जॉर्जिया बेटावर गेले होते. तेथील देवमासे पकडणारे खलाशी त्यांना म्हणाले, “येथे एक मासा आहे, त्याच्या अंगात रक्तच नाही!” ही गोष्ट त्यांना खरी वाटली नाही, पण ती त्यांच्या मनातून गेलीही नाही. पुढे १९५३ साली ते पुन्हा त्या बेटावर गेले आणि त्यांनी त्या माशाची कसून तपासणी केली. त्यास रक्त होते, पण ते पाण्यासारखे पांढुरके होते. रक्तास लाल रंग देणारे व प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन त्यात मुळीच नव्हते. रूड यांनी हे १९५४ साली प्रसिद्ध केले, तेव्हा खलाशांचे बोलणे पोकळ नव्हते, हे सर्वांस पटले. या कुळातील माशांस हिममत्स्य म्हणतात. कणा असलेल्या साऱ्या प्राण्यांत प्रौढपणीही हिमोग्लोबिनवाचून जगणारे एवढे एकच कूळ आहे.

हिमोग्लोबिनवाचून ते जगतात तरी कसे? पाणी जितके थंड, तितका त्यात प्राणवायू अधिक विरघळतो. ध्रुवाजवळच्या समुद्रात प्राणवायूची कमतरता नाही. तो थेट रक्ताच्या द्रवात विरघळून शरीरभर फिरतो. पण लाल रक्ताच्या मानाने असे रक्त एकदशांशाहूनही कमी प्राणवायू नेऊ शकते. ती तूट भरून काढण्यासाठी हिममत्स्याचे हृदय मोठे, रक्तवाहिन्या रुंद आणि रक्ताचे प्रमाण पुष्कळ अधिक असते.

या हिममत्स्यांपैकी एका जातीची वसाहत २०२१ च्या फेब्रुवारीत अंटार्क्टिकाच्या दुसऱ्या अंगास, वेडेल समुद्रात, सापडली. पोलारस्टर्न या जर्मन जहाजावरील संशोधकांनी समुद्रतळावर कॅमेरा सोडला होता. चारपाचशे मीटर खोलीवर त्यांना घरट्यांमागून घरटी दिसू लागली. प्रत्येक घरटे म्हणजे पाऊण मीटर रुंदीचा वाटोळा खळगा होता. पुष्कळ खळग्यांत दीड हजाराहून अधिक अंडी होती आणि त्यांवर एक मोठा मासा राखण करीत बसला होता. सुमारे २४० चौरस किलोमीटरांत अशी ६ कोटी घरटी असावीत, असा अंदाज त्यांनी बांधला. ज्या ठिकाणी कोणी काही राहत असेल अशी कल्पनाही केली नव्हती, तेथे एवढे मोठे गोकुळ नांदत होते.

आता प्रश्न असा, की ही सारी सामग्री या माशांस मिळाली कशी? अंटार्क्टिका नेहमीच असे गोठलेले नव्हते. एके काळी तेथे अरण्ये होती आणि भोवतालचा समुद्रही सौम्य होता. सुमारे ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी त्या खंडावर बर्फाची मोठी आवरणे साचू लागली आणि पुढे हळूहळू समुद्रही थंड होत गेला. हा बदल एका माशाच्या आयुष्यात झाला नाही. हजारो पिढ्यांवर हजारो पिढ्या गेल्या. प्रत्येक पिढीत काही पिल्ले जन्मतःच इतरांहून किंचित वेगळी निपजतात. ज्यांच्या अंगी थंडी सोसण्याचा गुण थोडा अधिक होता, ती जगली व त्यांचा वंश वाढला, इतरांचा खुंटला. अन्न पचविणारे एक द्रव्य बनविण्याची जी सूचना माशाच्या शरीरात पूर्वापार होती, तिच्यातील काही भाग बदलून हिमरोधक प्रथिनाची सूचना तयार झाली, असे १९९७ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. उत्तर ध्रुवाकडील कॉड माशातही जवळजवळ तसेच प्रथिन आहे; परंतु ते अगदी निराळ्या मार्गाने उद्भवले आहे. पृथ्वीच्या दोन टोकांस, एकमेकांची वार्ताही नसताना, एकाच संकटावर जीवसृष्टीस एकच उत्तर सापडले.

मुलांनो, एवढे वाचून तुम्हांस वाटेल, की जो मासा बर्फातही मरत नाही, त्यास जगात भय ते कोणाचे? त्याचे उत्तर १९६७ सालीच मिळाले होते. मॅकमर्डोचे मासे थोड्या उबदार पाण्यात ठेवून पाहिले, तेव्हा सुमारे ६ अंशांच्या पाण्यात ते दगावले. सहा अंशांच्या पाण्यात तुम्ही हात घातला, तर थोड्याच वेळात तो बधिर होईल. आपणांस जे बोचरे गार, तेच त्यांस प्राणघातक ऊन! बहुतेक प्राण्यांची शरीरे उष्णता वाढताच बचावाची काही विशेष प्रथिने तातडीने बनवू लागतात. लाखो वर्षे गरजच न पडल्यामुळे या माशांच्या काही जातींत ती तातडी उरलेली नाही. थंडीत राहण्याची विद्या त्यांनी पूर्णपणे संपादन केली, आणि तिचे मोल म्हणून उष्णता सोसण्याची शक्ती गमावली.

आज पृथ्वीचे वातावरण तापत आहे. कोळसा व खनिज तेल जाळून मनुष्याने हवेत सोडलेला वायू याचे मुख्य कारण होय. समुद्रही त्या उष्णतेचा मोठा भाग पोटात घेत आहे. अंटार्क्टिकाभोवतालचा समुद्रबर्फ २०२३ च्या फेब्रुवारीत इतका घटला, की उपग्रहांनी नोंदी घेण्यास आरंभ केल्यापासून तोवर तो इतका कमी कधीच झाला नव्हता. इतर समुद्रांतील मासे पाणी तापू लागले, तर अधिक थंड पाण्याकडे सरकू शकतात. पण ज्यांच्या घरापलीकडे पृथ्वीवर याहून थंड पाणीच नाही, त्यांनी कोठे जावे?

या माशांच्या रक्षणासाठी काही प्रयत्न झाले आहेत. रॉस समुद्राचा सुमारे १५ लाख ५० हजार चौरस किलोमीटरांचा भाग, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या सुमारे पाचपट क्षेत्र, संरक्षित ठेवावा असे २४ देशांनी व युरोपीय संघाने २०१६ साली एकमताने ठरविले. त्या देशांत आपला भारतही होता. या क्षेत्राच्या बहुतेक भागात आता मासेमारी करता येत नाही. पण जाळ्यांस अटकाव करता येतो. उबदार पाण्यास सीमारेषा आखून थांबविता येत नाही. ते काम दूरच्या समुद्रावर नव्हे, आपल्या गावांत, कारखान्यांत व रस्त्यांवरच करावे लागेल.

यापुढे कुल्फीवाला मडक्यात मीठ टाकताना दिसला, म्हणजे क्षणभर त्या दूरच्या काळोख्या पाण्याची आठवण करा. तेथे बर्फाच्या झालरींत एक वीतभर मासा आपल्या रक्तातील बर्फाच्या कणांस बांधून ठेवून शांतपणे पोहत असेल. थंडीशी करावयाचा करार त्याच्या पूर्वजांनी केव्हाच पुरा केला आहे. ती थंडी टिकविणे मात्र आता आपल्या हाती आले आहे.